आधी तू पिऊन बघ

त्या वर्षी टिपाडं विकून विकून आमचे हात दुखले. उदगीरला आमचं भांड्यांचं दुकान आहे, पुढं दुकान आणि मागं घर. दुष्काळ असा होता की नळाला पाणी कधी येणार हे पाणी सोडणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. लोक लग्नाची भांडी घ्यायचं विसरले आणि प्लास्टिकची टिपाडं, ड्रम, घागरी नेऊ लागले. दुकानात पाणी साठवायची भांडी छतापर्यंत रचलेली होती, आणि त्याच घरात माझ्या पाचवीतल्या लेकीनं, अक्षतानं, पाणी पिणं सोडलं. हे वाक्य लिहिताना आजही मला धक्का बसतो. लिहून झाल्यावर परत वाचून बघितलं, खरंच असं झालं होतं का म्हणून.

मी डॉक्टर नाही आणि लेखिका तर मुळीच नाही. बारावीपर्यंत शिकले, गल्ल्यावर बसते, आणि तोंडानं फटकळ आहे असं सासरचे सगळे म्हणतात. मागं एक बाई दुकानात कढई घ्यायला आली होती. तिच्या मुलाला रोज शाळेच्या वेळेला उलटी होते, सगळे रिपोर्ट चांगले येतात. "नाटकं करून राहिलाय मेला," ती म्हणाली. पोरगा बाजूलाच उभा होता, खाली मान घालून. मी कढई ठेवली बाजूला आणि तिला खुर्चीवर बसवलं. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे. तुमच्या घरात असं काही चालू असेल तर उपयोगी पडेल.

दोन घोट

अक्षता बोलकी पोर. शाळेतून आली की गल्ल्याजवळ स्टुलावर बसून गृहपाठ करायची आणि गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकायची. आणि तेव्हा दुसरा विषयच नव्हता. "लातूरला तर रेल्वेनं पाणी आणायलेत म्हणं." "टँकरचं पाणी पिऊन आमच्या गल्लीत कावीळ झाली दोघांना." "आता आपल्याकडचंबी संपलं की मग काय, बसा बोंबलत." मोठी माणसं बोलतात आणि घागर घेऊन घरी जातात. आम्हीही हो ला हो म्हणायचो, धंदा आहे.

आधी ती पाण्याचा वास घेऊन बघू लागली. मग एक दिवस पेला माझ्यापुढं धरून म्हणाली, "मम्मी, आधी तू पिऊन बघ." मी घोटभर पिऊन दिलं. "राणी सरकार, विष नाही घातलेलं," असं म्हणून हसलेही. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग प्रत्येक पेल्याला. मी प्यायले की ती माझ्या तोंडाकडं बघत थांबायची, आणि मला काही होत नाही अशी खात्री पटली की दोन घोट घ्यायची. दोनच.

मग भाकरी अडकू लागली. "गिळता येईना मम्मी, घसा धरलाय." सकाळी दप्तर खांद्याला लावलं की पोटात कळ यायची, हात बर्फासारखे गार पडायचे. माझा हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवायची. "बघ की, काळीज कसं उडायलंय." खरंच उडत होतं. पकडलेल्या चिमणीला हातात धरावं तसं लागायचं. मग डोळे मोठे करून विचारायची, "मी मरणार न्हाई ना?" मी म्हणायचे, "नाही गं बाळा." पुन्हा विचारायची. पुन्हा सांगायचे. भाजी निवडताना, गिऱ्हाईक समोर असताना, मी मोरीत असताना दाराबाहेरून. शाळेच्या स्कर्टला मी पिन लावली, मग ती पिन आणखी आत घेतली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली.

सगळ्यांची औषधं

आमच्या गल्लीत प्रत्येक माणूस अर्धा वैद्य आहे. कुणी जंताचं औषध सांगितलं, कुणी मीठ-मोहरी ओवाळली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लाड कमी करा. जवळच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, त्या गिळायलाच तिला जमेनात. शेवटी अव्वा पुढं सरसावल्या.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही लिंगायत. आमच्यात गळ्यात चांदीच्या डबीत, तिला आम्ही चौका म्हणतो, इष्टलिंग बांधतात. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मग तोंडात पाणी घालायचं, असा अव्वांचा नेम. अक्षताची दीक्षा लांबत लांबत राहून गेली होती. अव्वांनी निदान करून टाकलं, "पोरीचा गळा मोकळा हाय, म्हणून गळ्यालाच धरलंय." झालं. मठातल्या स्वामींना बोलावलं, घर सारवलं, टँकरचं पाणी जास्तीचं घेतलं आणि अक्षताच्या गळ्यात चौका आला. गोड दिसत होती. अव्वांनी तिला मांडीवर घेतलं आणि कूसा, म्हणजे कानडीत बाळ, अशी हाक मारून आमच्या घराघरांत म्हाताऱ्या सांगतात तेच सांगितलं.

"ध्यानात ठेव कूसा. पूजा झाल्याबिगर पाणी न्हाई. आन् लिंग गळ्यातून गेलं की जीव गेला समज."

मलाही लहानपणी माझ्या आजीनं हेच सांगितलं होतं. ऐकून मी लगेच पोळी खायला पळाले होते. आम्ही सगळ्याच पळालो असू. अक्षता पळाली नाही. ती तिथंच बसून राहिली, मूठ चौक्यावर ठेवून.

चार-आठ दिवस ती बरी झाली, हेही खरं. पूजेनंतर वाटीभर दूधभात खायची. अव्वांनी गल्लीत साखर वाटली. मग आधीपेक्षा जास्त बिघडलं. उड्या मारणं बंद, खाली वाकणं बंद, झोपेतही मूठ गच्च. आम्हाला वाटलं, पोर भक्तिमार्गाला लागली. कौतुक करत होतो आम्ही!

गळ्यातलं काढा

आता बसवराजबद्दल सांगायला हवं, म्हणजे माझ्या नवऱ्याबद्दल. माणूस चांगला, पण त्या काळात त्यांना एकच ध्यास होता, उदगीर जिल्हा झाला पाहिजे. तहसीलसमोर धरणं, निवेदनं, गांधी टोप्या घालून फोटो. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला घोषणा होणार अशी गावभर वार्ता उठायची आणि दुसऱ्या दिवशी सगळे गप्प. लातूर उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झालं, आता आम्हाला लातुरातून फुटायचं होतं. जिल्हा झाला की इथं सगळं येणार, मोठं हॉस्पिटल येणार, मोठे डॉक्टर येणार. तोवर मात्र पोरीला घेऊन लातूरच गाठावं लागलं.

लातूरच्या त्या दवाखान्यात संडासाला कुलूप होतं, पाणी नाही म्हणून. प्रत्येक नातेवाइकाच्या काखेत घरून आणलेली बाटली. अक्षता त्या बाटल्या मोजल्यासारखी बघत होती. घशाचे डॉक्टर म्हणाले, एक तपासणी करू. पांढरं घट्ट औषध प्यायचं, ते गळ्यातून उतरताना फोटो निघतो, कुठं अडथळा असेल तर कळेल. मी मनातून पार गळून गेले होते. आमच्याकडं घशात अडथळा म्हटलं की लोक पुढचा शब्द उच्चारत नाहीत. मीही उच्चारला नाही, पण सकाळपासून तोच डोक्यात होता.

फोटोच्या खोलीत गेलो. तिथला माणूस यंत्राकडं बघतच म्हणाला, "गळ्यातलं काढा. चांदी चालत नाही."

त्यानं रोज पन्नास जणांना म्हणावं तसंच म्हटलं. मी सवयीनं अक्षताच्या मानेमागं हात नेला, दोऱ्याची गाठ सोडायला. आणि माझी पोर किंचाळली. तसा आवाज मी तिच्या जन्मापासून ऐकला नव्हता. दोन्ही मुठींनी चौका धरला, पाठ भिंतीला लावली, आणि श्वास असा चालू झाला की छातीचा भाता थांबेचना. ओठ पांढरे पडले. मग हाताची बोटं आत वळली, कडक, कोंबडीच्या पायासारखी. मी ती सरळ करायला गेले तर होईनात. "बसवराज!" मी ओरडले. नवऱ्याला नावानं हाक मारली, चारचौघात, लग्नानंतर पहिल्यांदा. मला वाटलं पोर गेली. खरंच वाटलं. यंत्रावरचा माणूसही घाबरून बाहेर धावला.

डॉक्टर आले. ते धावले नाहीत, याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला. जमिनीवर तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "कुणी काही काढणार नाही. राहू दे गळ्यात. माझ्याबरोबर हळू श्वास सोड. आणखी हळू." ते सोडत राहिले, ती बघत राहिली. हळूहळू बोटं उलगडली. मी तिथंच फरशीवर बसले.

बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं, "तपासणी आता राहू दे. घशात गाठ किंवा काही अडकलेलं असेल असं मला वाटत नाही. ही भीती आहे. तीव्र प्रकारची. तुम्हाला मनोविकारांच्या डॉक्टरकडे जावं लागेल."

"भीती?" बसवराज म्हणाले. "साहेब, आमच्या घरात भ्यायला काय हाय? खाऊनपिऊन सुखी हाव आम्ही."

"ती खोटं बोलत नाही एवढं लक्षात ठेवा. घसा खरोखर आवळतो. पोट खरोखर दुखतं. भीती अंगात उतरली की असंच होतं."

गाठ नाही हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाच नाही. डोक्यात नुसतं घुमत होतं, एवढी भीती? या एवढ्याशा जिवात? माझ्या शेजारी झोपणाऱ्या, माझ्या ताटातलं खाणाऱ्या पोरीत ती कधी शिरली आणि मला दिसली कशी नाही? गाडीत अक्षता माझ्या कुशीत होती. बऱ्याच वेळानं पुटपुटली, "मम्मी, तू काढत होतीस. अव्वा म्हणाली होती ना, गेलं की जीव जातो."

पुढं बसलेल्या बसवराजनी मागं वळून बघितलं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.

जिल्हा होईपर्यंत

भांडण दुसऱ्या दिवशी झालं. बसवराज म्हणाले, मनाच्या डॉक्टरकडं जायचं म्हणजे गावात बोभाटा, उद्या पोरीचं लग्न जमवायचं आहे. मी म्हणाले, पोर पाचवीत आहे. मग म्हणाले, "थोडं थांबू. जिल्हा व्हायच्या मार्गावर हाय. एकदा झाला की हितंच सगळे डॉक्टर येतील. कुठं बाहेरगावी वणवण करायची?"

मी पोळी लाटत होते. लाटणं हातात होतं, ते मी त्यांच्यावर फेकलं नाही, एवढाच माझा संयम. "जिल्हा होईपर्यंत तुमची पोर पाण्यावाचून जगणार का?" मी विचारलं. "मग टोपी घालून बसा धरण्यावर, आणि मागं पोरीचा फोटो लावा!" हे मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि ते उठून बाहेर गेले.

अव्वा दाराआडून ऐकत होत्या. लातूरला काय झालं ते त्यांना बसवराजनी सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचं एकच चाललं होतं. दिवसभर कडधान्य निवडत बसायच्या, निवडलेलंच पुन्हा निवडायच्या. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं आणि त्यांना माफही करवत नव्हतं.

माझा भाऊ शरणू नांदेडला असतो. त्यानं तिथल्या मुलांच्या मनोविकाराच्या डॉक्टर बाईंची वेळ घेतली. मी एकटीच अक्षताला घेऊन एसटीत बसले. मुखेड गेलं, नायगाव आलं. नायगावला एक बाई चढली, कडेवर तान्हं, हातात दोन पिशव्या. तिनं विचारलंसुद्धा नाही, बाळ सरळ अक्षताच्या मांडीत ठेवलं आणि पिशव्या लावू लागली. अक्षता दचकली, मग तिनं बाळाचं डोकं सावरलं. नांदेड येईपर्यंत तिनं एकदाही छातीवर माझा हात ओढून नेला नाही. त्या बाईला तिनं आमच्यासाठी काय केलं ते कधी कळणार नाही.

एकदाच उत्तर

नांदेडला पोचलो तोवर अक्षताच्या अंगातलं पाणी इतकं कमी झालं होतं की तिला दाखलच करून घेतलं. सलाईन लागलं. वॉर्डात सकाळी फरशी पुसायच्या आवाजानं जाग यायची, मग वजनकाटा, मग नाश्ता, तो बहुतेक मीच खायचे. बाजूच्या खाटेवर दम्याचा मुलगा होता, त्याची आई मला रोज विचारायची, "तुमच्या मुलीला काय झालंय?" पहिल्या दिवशी मी "घसा" म्हणाले. नंतर "भीती" म्हणाले. तिनं मान हलवली आणि मला तिच्या डब्यातलं लोणचं दिलं. मला वाटलं होतं ती खाट सरकवेल.

डॉक्टर बाई वयानं माझ्याएवढ्या, साडीवर पायात स्पोर्टचे बूट. अक्षताशी त्या किती तरी वेळ नुसत्या कुत्र्यामांजरांवर बोलल्या. मग मला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. त्या ऐकून मला वाटलं, उठावं आणि पोरीला घेऊन चालू लागावं.

"ती मरणार नाही ना असं विचारते, तेव्हा एकदाच उत्तर द्या. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणा, भीती आलीय, आपण दोघी बसू, जाईल ती. पुन्हा पुन्हा नाही म्हणू नका. आणि तिचं पाणी आधी तुम्ही पिऊन बघणं बंद करा."

"तिनं प्यायचंच सोडलं तर?"

"तुम्ही प्यायलात की तिला वाटतं, पाणी धोक्याचंच होतं, मम्मीनं वाचवलं. प्रत्येक पेल्याला भीती थोडी मोठी होते."

माझ्या पोरीला मी उत्तर द्यायचं नाही! तहानेनं ओठ फुटलेत आणि मी पेला तोंडाला लावायचा नाही! पुढं त्यांनी जे सांगितलं त्यानं तर माझ्या पायाखालची जमीन सरकली. दोन दिवसांत तोंडानं काही सुरू झालं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. ज्या पोरीनं गळ्यातल्या दोऱ्याला हात लावला म्हणून जीव सोडायची वेळ आणली, तिच्या नाकातून नळी! चौक्याचं विचारलं तर त्या म्हणाल्या, जबरदस्तीनं काढायचं नाही. पण त्या मुठीतली भीती सैल व्हायला हवी, आणि ती कशी करायची ते आपण बघू. गोळ्याही चालू केल्या. त्यांची नावं मी लिहीत नाही, दुसऱ्याच्या गोळ्या आपल्याला कामाच्या नसतात.

त्या दिवशी अक्षतानं विचारलं, "मी मरणार न्हाई ना?" मी म्हणाले, "नाही." तिनं लगेच पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "भीती आलीय अक्षू. बसू आपण." ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी परकी बाई आहे. मग पोटात गुडघे घेऊन रडली, आणि मी तिचा पाय धरून बसले. सगळ्या आजारपणात मला हे सर्वांत जड गेलं.

अव्वा आल्या

दुसऱ्या दिवशी दुपारी बसवराज आले. टोपी नव्हती. मागं अव्वा, नऊवारी, हातात कापडी पिशवी. गुडघे धरून जिना चढून आल्या होत्या. मला मुळीच आवडलं नाही. वाटलं, आता इथंही अंगारा निघेल.

अव्वा स्टुलावर बसल्या. अक्षताच्या डाव्या हाताला सलाईन, उजव्या मुठीत चौका. अव्वांनी पोरीकडं बघितलं. मग चोळीच्या आतून स्वतःचा चौका बाहेर काढला, दोन्ही हातांनी दोरा धरला, डोक्यावरून काढला, आणि अक्षतापुढं धरला.

"धर."

मी उभी होते ती उभीच राहिले. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मी अव्वांचा गळा मोकळा बघितला नव्हता. आजारपणात नाही, बाळंतिणीच्या खोलीत नाही. दुसऱ्या माणसाचा हात त्यांनी कधी त्याला लागू दिला नव्हता, पोटच्या पोराचासुद्धा. बसवराज म्हणाले, "अव्वा! काय करायलीस!"

"गप बस तू. धर कूसा, न्हाईतर पडंल खाली."

पडेल म्हटल्यावर अक्षताची मूठ आपोआप उघडली. अव्वांचा चौका झेलायला तिला स्वतःचा सोडावा लागला. आणि मग ती ओरडली, "अव्वा, घाल! लवकर घाल की!" श्वास वाढला. मी पुढं झाले, पण अव्वांनी हातानंच मला थांबवलं.

"माझ्याकडं बघ. हाय का न्हाई मी?"

"अव्वा, घाल ना गं!"

"घालते. आधी च्या पिते. ए बसव, खालून च्या घिऊन ये."

बसवराज गेले आणि चहा घेऊन आले. तेवढा सगळा वेळ अक्षता अव्वांच्या गळ्याकडं बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता, आणि अव्वा मुकाट बसून होत्या. त्यांचे हात थरथरत होते. हे मला दिसत होतं. पोरीला दिसू नये म्हणून त्यांनी ते पदराखाली घेतले. म्हातारी स्वतः घाबरलेली होती. लहानपणापासून जे खरं मानलं ते उतरवून तिनं नातीच्या हातात दिलं होतं आणि आता काय होतं ते बघत बसली होती. माझ्या मनात त्यांच्याविषयी जो राग होता तो तिथल्या तिथं गेला.

चहा आला. अव्वांनी बशीत ओतला आणि फुर्र करून प्यायला. बशी खाली ठेवली.

"माझ्या अव्वानं मला सांगितलं, मी तुला सांगितलं," त्या म्हणाल्या. "तिला कुणी सांगितलं ते मला म्हाईत न्हाई. महादेव काय पोरींचा जीव घ्यायला बसलाय व्हय? माझं आन् महादेवाचं मी बघून घेईन. तू मधी पडू नको."

अक्षताचा श्वास उतरत गेला. मग म्हणाली, "अव्वा, तुझा गळा तिथं लई गोरा हाय."

अव्वा हसल्या आणि त्याच वेळी रडायलाही लागल्या. दोऱ्याखालच्या पट्टीवर कधी ऊन पडलंच नव्हतं. बसवराज खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

तोंड कोरडं पडलं होतं पोरीचं. "पाणी," ती म्हणाली. मी पेल्यात थोडं पाणी घेतलं, चमचा घेतला. तिनं सवयीनं माझ्याकडं बघितलं. "मम्मी, आधी तू पिऊन बघ."

"नाही अक्षू. मी नाही पिणार."

अव्वा काही बोलणार होत्या. सुनेनं सासूवर वटारू नयेत असे डोळे मी त्यांच्यावर वटारले. चमचा हवेत होता, अर्धं पाणी चादरीवर सांडलं. उरलेलं तिनं घेतलं. तोंडात धरून ठेवलं, डोळे मिटले, आणि गिळलं. मग छातीवर हात ठेवून काय होतं ते ऐकत राहिली. आम्ही तिघंही ऐकत होतो.

चमत्कार झाला नाही. संध्याकाळी तिनं पुन्हा नको म्हटलं आणि मी जिन्यात जाऊन रडले. पण सकाळी दोन चमचे घेतले, दुपारी भाताची पेज. नळीची वेळ आली नाही. अव्वांनी आपला चौका परत घेतला, शरणूच्या घरी बादलीभर पाण्यानं आंघोळ केली आणि लांबलचक पूजा केली. महादेवाला त्या काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

पुढं

नांदेडच्या चकरा पुढं पुष्कळ दिवस चालू राहिल्या. आधी महिन्याला किती तरी वेळा, मग कमी. बसवराज धरण्याला जायच्या आधी आमची एसटी गाठून देऊ लागले आणि मग आमच्याबरोबर बसूही लागले. शाळेत ती आधी फक्त डबा खायच्या सुट्टीपर्यंत बसायची, मग पूर्ण दिवस. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोट दुखतं, ते अजून दुखतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, दुखेल, आणि दुखणाऱ्या पोटासकट ती परीक्षेला जाईल. जाते. चौका कधी तिच्या गळ्यात असतो, कधी देव्हाऱ्यात. देव्हाऱ्यात असला की अव्वा तिकडं बघत नाहीत आणि कडधान्य निवडतात.

दुकानात आलेल्या त्या बाईला हे सगळं सांगून शेवटी मी म्हणाले. पोरगं नाटक करत नाही. त्याला खरंच उलटी होते. कारण कोणतं, चूक कुणाची, हे शोधत बसू नका, आम्ही त्यात फार दिवस घालवले आणि हाती काही लागलं नाही. आणि लोक काय म्हणतील ते म्हणू द्या, ते भांडी घ्यायला आपल्याच दुकानात येतात. ती कढई न घेता गेली. नंतर एकदा आली तेव्हा मुलगा बरोबर होता आणि तिनं डॉक्टर बाईंचा पत्ता मागितला.

उदगीर अजून जिल्हा झालेलं नाही. मागच्या आठवड्यात बसवराज निवेदन घेऊन लातूरला गेले होते. संध्याकाळी यायचे ते बरीच रात्र होईपर्यंत आले नाहीत, फोन बंद. त्या रस्त्यावर काय काय अपघात होतात ते मला तोंडपाठ आहे. मी फोन लावला. पुन्हा लावला. दुकानाच्या पायरीवर जाऊन रस्ता बघितला, आत आले, पुन्हा लावला. माझंच काळीज उडायला लागलं होतं आणि हात गार पडले होते.

अक्षता आत अभ्यास करत होती. आता आठवीत आहे, माझ्या खांद्याला लागते. ती बाहेर आली, माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि गल्ल्यावर पालथा ठेवला.

"मम्मी, एकदा लावलास की फोन. भीती आलीय. बसू आपण दोघी."

मी बसले. ती आत गेली, पेला भरून आणला आणि माझ्यापुढं धरला. मी पेल्याकडं बघत राहिले. तिच्या ओठांवर पाण्याचा थेंब होता, आणि ती हसू दाबत होती.

"पी की," ती म्हणाली, "मी आधी पिऊन बघितलंय."